शेततळ्यातला पहाटे चारचा हिशेब: एरेटर कधी लागतो आणि कोणाला परवडतो



शेततळ्यातल्या मत्स्यपालनाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, एरेटर घ्यावाच लागतो का?" माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: गुंठ्यामागे किती किलो मासे काढायचे ठरवलंय? यावर बहुतेक जण गप्प होतात. मशीनची किंमत दहा ठिकाणी विचारून झालेली असते, पण किलोचा आकडा कागदावर मांडलेला नसतो. म्हणून आज मशीनच्या आधी पाण्याचा हिशेब करू. वही-पेन घेऊन बसा, आकडे सोपे आहेत.

आपल्याकडे २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि ३० बाय ३० बाय ३ मीटर हे माप घरोघरी पोचलं. अस्तर टाकलेलं हे तळं मुळात फळबागेसाठी खोदलेलं. डाळिंब, द्राक्ष, मोसंबी, उन्हाळ्यात जगवायची झाडं. पाणी साठतंयच तर त्यात मासे का नको, हा विचार नंतरचा. विचार चांगलाच आहे. पण मासा पाण्यात राहतो म्हणजे पाणी असलं की झालं, असं नाही. त्याला त्या पाण्यातला ऑक्सिजन लागतो, आणि तो फार थोडा असतो.

किती थोडा? तुम्ही-आम्ही श्वास घेतो त्या एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात, पाणी ३० अंशांवर असेल तर, जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम. २० अंशांवर नऊच्या आसपास. म्हणजे पाणी जितकं तापेल तितकी त्याची ऑक्सिजन धरून ठेवायची ताकद कमी होते, आणि नेमकं तेव्हाच माशाचं शरीर जास्त ऑक्सिजन मागतं. मासे पाळायचे तर लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर ठेवायचं बघा. ३ च्या खाली मासा खाणं सोडतो, वाढ थांबते, रोग लवकर धरतो. १ च्या खाली काही तास गेले की सकाळी मेलेले मासे काठाला लागतात.

दुपारी श्रीमंत, पहाटे कंगाल

पाण्यात ऑक्सिजन येतो दोन वाटांनी. थोडा हवेतून, पृष्ठभागावरून विरघळतो. बाकीचा मोठा वाटा पाण्याला हिरवा रंग देणारं सूक्ष्म शेवाळ, म्हणजे वनस्पती प्लवंग, उन्हात तयार करतं. म्हणून कडक उन्हाच्या दुपारी दोन-तीन वाजता मोजलंत तर हिरव्या तळ्यात १० किंवा त्याहूनही जास्त आकडा दिसतो. मालक खूश. पण सूर्य मावळला की तेच शेवाळ ऑक्सिजन बनवायचं थांबतं आणि स्वतः खायला लागतं. रात्रभर मासे खातात, शेवाळ खातं, तळाचा गाळ कुजताना खातो. घालणारं कोणी नाही. सगळ्यात खालचा आकडा येतो तो उजाडायच्या आधी, पहाटे चार ते सहाच्या दरम्यान. दुपारी बारा वाजता तळ्यावर येऊन "पाणी चांगलं आहे" म्हणणाऱ्या पाहुण्याचं, तज्ज्ञाचं किंवा विक्रेत्याचं मत म्हणूनच अर्धवट समजा.

आता खरा हिशेब. ३० बाय ३० बाय ३ चं उताराच्या बाजूंचं तळं पूर्ण भरलं तर सुमारे २,१९६ घनमीटर पाणी बसतं. म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. लिटरला ६ मिलिग्रॅम धरले तर अख्ख्या तळ्यात मिळून ऑक्सिजन किती? फक्त १३ किलो. बावीस लाख लिटर पाण्यात तेरा किलो!

दुसऱ्या बाजूला खर्च बघा. तळ्यात टाकलेलं एक किलो खाद्य, मासा ते खाऊन श्वास घेणार, विष्ठा कुजणार, उरलेलं कुजणार, असं सगळं धरून साधारण एक किलो किंवा थोडा जास्तच ऑक्सिजन खर्च करतं. ६३० किलो मासे असतील आणि तुम्ही वजनाच्या २ टक्के खाद्य देत असाल तर रोजचं खाद्य झालं साडेबारा किलोच्या आसपास. म्हणजे तळ्यातल्या पूर्ण साठ्याइतका ऑक्सिजन तुमचं रोजचं खाद्यच मागतंय. रोज उन्हात शेवाळ नवीन ऑक्सिजन घालतं म्हणून गाडी चालते. ऊन गेलं की काय होतं ते ओळखा.

ऊन जातं ते श्रावणात. आभाळ सलग तीन दिवस गच्च, वारा पडलेला, पाणी कोमट. दिवसा भर पडत नाही, रात्री उपसा चालू. पहिल्या रात्री तग धरतात, तिसऱ्या पहाटे मासे मरतात. असा दुसरा धोक्याचा काळ मे महिन्याचा शेवट. खोल तळ्यात वरचं पाणी गरम, खालचं थंड, असे दोन थर होतात आणि खालच्या थरात ऑक्सिजन संपलेला असतो. वळवाचा जोरदार पाऊस आणि वादळी वारा आला की थर एकमेकांत मिसळतात आणि तळाचं घाण पाणी सगळीकडे पसरतं. लोक म्हणतात "विजेने मासे मारले." वीज बिचारी बदनाम होते.

तिसरा धोका मात्र आपला आपण तयार केलेला असतो, आणि तो शेततळ्यापुरताच आहे, म्हणून नीट समजून घ्या. बोटुकली आपण जुलै-ऑगस्टमध्ये सोडतो. एप्रिल-मेमध्ये मासा सगळ्यात मोठा होतो, म्हणजे तळ्यातलं माशांचं वजन सगळ्यात जास्त. आणि त्याच महिन्यांत बागेला पाणी लागतं म्हणून तळं निम्म्यावर येतं. मासे दुप्पट, पाणी निम्मं, उष्णता भरपूर. पुस्तकातला कुठलाही दर हेक्टरी हिशेब इथे चालत नाही, कारण तो पाणी कायम राहील असं धरून केलेला असतो. बाग की मासे, मे महिन्यात कोणाला किती पाणी, हे जुलैमध्येच घरात बसून ठरवा. बाग मोठी असेल तर मार्चअखेर मोठे मासे काढून वजन कमी करा. भाव थोडा कमी मिळेल, पण हाताशी आलेला माल हातात राहील.

पाणी काय सांगतं

ऑक्सिजन मोजायचा डिजिटल मीटर महाग येतो. सुरुवातीला थेंब टाकून रंग बघायचं रासायनिक किट पुरतं. पण त्याहून स्वस्त साधन घरीच बनवा. २० सेंटीमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी, चार भाग करून एकाआड एक काळे-पांढरे रंगवलेले, मधून दोरी, खाली वजन. ही पाण्यात सोडा आणि दिसेनाशी कुठे होते ते बघा. २५ ते ४० सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली तर शेवाळ बेताचं आहे. २० च्या आतच गायब झाली तर शेवाळ फार झालं, रात्री तेच तुमच्या माशांचा ऑक्सिजन खाणार. शेण, युरिया, जे काही टाकत असाल ते थांबवा. आणि कालपर्यंत हिरवं असलेलं पाणी आज अचानक तपकिरी किंवा राखाडी झालं तर शेवाळ एकदम मेलंय. त्या रात्री झोपू नका. म्हणूनच शेवाळ जास्त झालं की औषध मारून सगळं एका दमात संपवायचा सल्ला मी कधीच देत नाही. मेलेलं शेवाळ कुजताना जिवंत शेवाळापेक्षा जास्त त्रास देतं.

माशांकडेही बघायला शिका. पहाटे कटला आणि रोहू पृष्ठभागावर तोंड उघडून गटागट करत असतील, टाळी वाजवली की खाली जाऊन लगेच परत वर येत असतील, तर तो खेळ नाही. ऑक्सिजन संपलाय. पंगस पाळणारे इथे फसतात. पंगस हवेतून थेट श्वास घेऊ शकतो, त्यामुळे पाणी खराब असलं तरी तो तगतो आणि मालकाला वाटतं आपलं पाणी उत्तम. पुढच्या वर्षी त्याच पाण्यात रोहू-कटला सोडले की खरी परीक्षा होते.

कुठलं मशीन

बाजारात सगळ्यात जास्त विकलं जातं ते पॅडल व्हील, पाण्यावर तरंगणारं, पंख्यांनी पाणी उडवणारं. कोकण किनाऱ्यावरच्या कोळंबी तलावांतून ते आपल्याकडे ओळखीचं झालं. ते तलाव उथळ असतात, दीड मीटरच्या आसपास, आणि तिथे हे मशीन झकास काम करतं. तीन मीटर खोल शेततळ्यात ते मुख्यतः वरचं पाणी घुसळतं. वाईट नाही, मासे वर येऊन श्वास घेतात, पण तळाचा प्रश्न तसाच राहतो.

दुसरा पर्याय काठावर ब्लोअर ठेवून पाइपने तळाशी हवा सोडायची, बारीक बुडबुडे वर येतात. खोल तळ्याला हा पर्याय जास्त जुळतो, कारण बुडबुडा वर येईपर्यंत पाण्याशी जास्त वेळ राहतो आणि खालचं पाणीही वर ओढलं जातं. पण घेताना एक प्रश्न विचारा: "हा ब्लोअर किती दाबाला हवा देतो?" दर एक मीटर खोलीला सुमारे ०.१ बार दाब लागतो. तीन मीटरला ०.३, वर पाइप आणि डिफ्युझरचा अडथळा वेगळा. साधे रिंग ब्लोअर अनेकदा इतक्या खोलीला दम टाकतात. विक्रेता म्हणेल, "दादा, चिंता करू नका, चालतंय सगळीकडे." तुमच्या खोलीला चालवून दाखवायला सांगा.

तिसरा पर्याय बहुतेकांकडे आधीच आहे. बागेला पाणी देणारी मोटर. तिच्या पाइपला एक टी जोडून छिद्रं पाडलेला आडवा पाइप तळ्यावर चार-पाच फूट उंच बांधायचा, पाणी फवाऱ्यासारखं परत तळ्यातच पडलं पाहिजे. वीज जास्त खातं, रोज रात्री चालवायला परवडणार नाही. पण अडचणीच्या दहा-बारा रात्रींसाठी याच्याइतकं स्वस्त काही नाही. फुटव्हॉल्व्ह मात्र तळाशी नको, मधल्या-वरच्या पाण्यात तरंगता ठेवा, नाहीतर तळाचा गाळ ढवळून संकट तुम्हीच वर आणाल.

एक गोष्ट ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. एरेटर पाण्यात ऑक्सिजन किती टाकतो हे पाण्यात आधी किती आहे यावर ठरतं. पाणी रिकामं तितका एरेटर उपयोगी. दुपारी पाणी ऑक्सिजनने तुडुंब असताना पॅडल व्हील चालवलं तर ते उलट ऑक्सिजन हवेत उडवतं आणि बिल मात्र तुम्ही भरता. अपवाद एकच. खोल तळ्यात थर होऊ नयेत म्हणून दुपारी अर्धा-एक तास चालवणं फायद्याचं, वरचं भरलेलं पाणी खाली जातं.

पैशाचं बोला

वरच्याच तळ्याचं उदाहरण घेऊ. पाण्याचं क्षेत्र ९ गुंठे. खालचे भाव मी हिशेबासाठी धरलेत, तुमच्या गावचे घाला.

एरेटर न लावता, बेतानं मासे सोडून, गुंठ्याला ४० किलो धरा. झाले ३६० किलो. एरेटर लावून ७० किलो धरा, झाले ६३० किलो. जादा २७० किलो. तळ्यावर येऊन व्यापारी ११० रुपयांनी उचलतो असं समजा, तर जादा आले २९,७०० रुपये. आता त्यासाठीचा जादा खर्च: एका किलो माशामागे १.६ किलो खाद्य धरून ४३२ किलो, ४० रुपयांनी १७,२८०. जादा बोटुकली २,०००. वीज: १ एचपीचा एरेटर तासाला साधारण ०.९ युनिट, रोज ८ तास, १५० रात्री, ८ रुपये युनिट, झाले ८,६४०. बेरीज २७,९२०. हातात उरले १,७८० रुपये. आणि मशीन २५,००० चं!

आता दोन गोष्टी बदला. पहिली, सुरुवातीचे महिने मासे लहान असताना एरेटर लावूच नका, मोजून गरजेच्या ९० रात्री, रोज ६ तास चालवा. विजेचा खर्च ३,८८८ वर येतो, उरतात ६,५३२. तरी मशीन फिटायला चार हंगाम. दुसरी, मासा व्यापाऱ्याला न देता आठवडी बाजाराच्या दिवशी जिवंत, तळ्यावरूनच १६० ने विका. जादा मालाचे ४३,२०० होतात, उरतात २०,०३२. दुसऱ्या हंगामाच्या पहिल्या काही महिन्यांत मशीन फिटलं.

म्हणून माझं मत सरळ आहे. एकच तळं, पहिलंच वर्ष आणि माल व्यापाऱ्याच्या हवाली, असं असेल तर एरेटर घेऊ नका. मासे कमी सोडा, मोटरचा फवारा तयार ठेवा, विक्री शिका. स्वतःचं गिऱ्हाईक तयार झालं की मग मशीन घ्या. कोळंबीवाले ४०० ते ५०० किलोमागे १ एचपी असा ढोबळ आडाखा धरतात. त्या हिशेबाने ६३० किलो माशांना १ एचपी काठावरच आहे, म्हणजे फवाऱ्याची जोड तेव्हाही लागणारच.

अनुदान आहे का? २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के असं प्रमाण आहे. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन कोणत्या घटकात काय बसतं ते विचारा. पण अनुदान मिळतंय म्हणून मशीन घ्यायचं हा उलटा धंदा.

एरेटर लावल्यावर धोका वाढतो

हे कोणी विक्रेता सांगत नाही. ४० किलोच्या तळ्यात एक रात्र लाइट गेली तर मासे बहुधा तगतात. ७० किलोच्या तळ्यात, आभाळाच्या दिवसांत, पहाटे दोनला लाइट गेली तर उजाडेपर्यंत सगळं वर्ष पाण्यावर उलटं तरंगताना दिसू शकतं. एरेटरच्या भरवशावर मासे जास्त सोडले की तळं त्या मशीनवर जगायला लागतं.

आणि आपली वीज कशी आहे? कृषी फीडरला थ्री फेज पाळीने. सौर कृषी वाहिनीमुळे आता अनेक गावांत शेतीला दिवसा वीज मिळायला लागली, शेतकऱ्याची रात्रीची पायपीट वाचली, फार चांगलं झालं. पण माशाला वीज हवी रात्री दोन ते सहा. सौर पंपाचंही तेच, सूर्य गेला की बंद. म्हणून एरेटर शक्यतो सिंगल फेजचा घ्या आणि त्याची रात्रीची सोय आधी बघा. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा द्यायचा निर्णय घेतला. तुमच्या जोडणीला कोणता दर लागू होतो, हे वीज कार्यालयात लेखी अर्ज करून विचारा. तोंडी उत्तरावर मोटर जोडू नका.

छोटा जनरेटर स्वतःचा नसेल तर मंडपवाल्याशी आधीच बोलून ठेवा, पावसाळ्यात त्याचेही जनरेटर बसून असतात. आणि लाइट गेली की मोबाइल वाजेल असा पॉवर-कट अलार्म लावा. पहाटे तीनला तुम्हाला जाग आली नाही तर जनरेटर असून उपयोग नाही.

मासे तोंड वर काढताना दिसलेच तर क्रम असा. जे काही पाणी उडवू शकतं ते चालू करा. खाद्य बंद, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही. बोअरचं ताजं पाणी सोडायचं असेल तर थेट पाइप बुडवू नका. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच, ते उंचावरून फवारून पडू द्या. ऑक्सिजनच्या गोळ्या-पावडर मिळते, तिने तास-दोन तासांची उसंत मिळते, तेवढीच. कोणी चुना, कोणी लाल औषध टाकायला सांगेल, त्या घाईत काहीही टाकू नका.

मशीन बसवताना लोखंडी गज अस्तराजवळ ठोकू नका, काठावर लांब खुंट्या मारून नायलॉन दोरीने बांधा. अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मशीन चालू असताना कोणीही पाण्यात उतरणार नाही, हा घराचा नियम करा. प्लॅस्टिकच्या अस्तरावरून घसरलेला माणूस, पोहता येत असलं तरी, वर चढू शकत नाही. आपल्याकडे शेततळ्यांत दरवर्षी माणसं, लेकरं जातात ती अशीच. चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडलेला, जुनी ट्यूब बांधलेली आणि भोवती कुंपण, हा खर्च एरेटरच्या आधी.

शेवटी एक धंद्याची गोष्ट, ज्यांच्याकडे तळं नाही त्यांच्यासाठी. पॅडल व्हीलच्या गिअरबॉक्सचं ऑइल वेळेवर बदललं जात नाही, बेअरिंग जातात, आणि दुरुस्तीला माणूस तालुक्याला सापडत नाही. तुम्ही मोटर वाइंडिंग करत असाल किंवा आयटीआय झालेले असाल तर आसपासच्या गावांत किती एरेटर आहेत ते एकदा फिरून मोजा. एक ऑक्सिजन मीटर घ्या, पहाटे पाच वाजता तळ्यावर जाऊन मोजून द्यायचं आणि वहीत नोंद ठेवायची, महिन्याचे ठरावीक पैसे. एका तळेवाल्याला मीटर घेणं जड जातं, पण वीस तळ्यांत तो सहज फिटतो. सोबत गाडीत एक भाड्याचा एरेटर ठेवलात, तर श्रावणातल्या आभाळात तुमचा फोन वाजायचा थांबणार नाही.